काही न मागणारा हात

(समुपदेशन केंद्रांत आणि वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'स्पर्श आणि ताण' असा विषय छापलाय. सकाळी नाश्त्याच्या वेळी दोघींनी मला विचारलं, की पोटगी, पोलीस चौकी, कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा हे सगळं चाललेलं असताना मध्येच हे मालीशचं काय काढलंत? प्रश्न रास्त आहे. त्यावरच बोलते.

मी एम.एस.डब्ल्यू. केलं तेव्हा आम्हाला ऐकायला शिकवलं. मध्ये बोलू नका, उपदेश करू नका, नोंद ठेवा. हे शिक्षण चांगलं होतं, आजही उपयोगी पडतं. पण दोन वर्षांत बाईच्या शरीराबद्दल फारसं कुणी बोललं नाही. जणू समोर बसलेली बाई म्हणजे नुसता आवाज. मग सोलापुरात विडी वळणाऱ्या बायकांबरोबर कामाला लागले. तिथं बाई येते, पदरानं तोंड पुसते, बसते आणि तिचं पहिलं वाक्य असतं, "आक्का, मान धरलीय." नाहीतर "डोकं जड झालंय", "छातीत धडधडतं", "रात्रभर डोळ्याला डोळा नाही". नवरा मारतो, दिराची नजर वाईट आहे, पोरीचं लग्न मोडलं, हे सगळं तिसऱ्या-चौथ्या भेटीत येतं. आपल्यातल्या पुष्कळजणी मान धरल्याची तक्रार प्रस्तावना समजून सोडून देतात आणि 'खऱ्या' प्रश्नाची वाट बघत बसतात. माझ्या मते मान धरली हाही खरा प्रश्न आहे.

विडी वळताना कधी बघितलंय का? मांडीवर सूप. त्यात तेंदूची कापलेली पानं आणि तंबाखू. मान खाली, दोन्ही खांदे पुढे, कोपर अंगाला चिकटलेले. पान घ्यायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, नखानं तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. मजुरी मिळते ती हजार विड्यांमागे. म्हणजे मान वर करून दोन घटका बसलं, तर तेवढ्या विड्या कमी. हजार झाल्या की उठून चूल. भारत सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत असं आलंय, की घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात. असं काम करणाऱ्या पुरुषाची ८८. विड्यांचे तास यात धरलेलेच नाहीत.

हे झालं कष्टाचं. त्यावर भीतीचा थर असतो. आपल्या मज्जासंस्थेचा एक भाग आपल्याला न विचारता चालतो. हृदय किती ठोके देणार, श्वास किती खोल जाणार, पोट अन्न पचवणार की थांबणार, हे तो ठरवतो. त्याच्या दोन बाजू आहेत. पुस्तकात त्यांना अनुकंपी आणि परानुकंपी म्हणतात. आपण एकीला धावपळीची आणि दुसरीला विसाव्याची बाजू म्हणू. संकट आलं की पहिली पुढे होते. ठोके वाढतात, स्नायू ताठतात, श्वास छातीच्या वरच्या भागातच घोटाळतो. संकट टळलं की दुसरीनं ताबा घ्यायचा, अशी योजना आहे. कुत्रं मागे लागलं तर ही योजना उत्तम चालते. पण ज्या घरात रोज संध्याकाळी कडी वाजल्याबरोबर 'आज कसा आलाय' हे पावलांवरून ओळखावं लागतं, तिथं संकट टळतच नाही. बाई झोपेतसुद्धा अर्धी जागी असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १८ ते ४९ वयाच्या विवाहित, तसंच विधवा आणि घटस्फोटित बायकांपैकी शंभरात २९ जणींनी नवऱ्याच्या शारीरिक किंवा लैंगिक हिंसेचा अनुभव सांगितला. ज्यांनी सांगितला नाही, त्या वेगळ्याच. इतक्या अंगांना विसाव्याकडे वळायचा रस्ता सापडत नाही. आपण त्यांना म्हणतो, "ताण घेऊ नका." हे वाक्य मला फार चीड आणतं. ती काय ताण बाजारातून विकत घेते?

आता स्पर्शाकडे येते. बाईच्या अंगाला दिवसभरात किती हात लागतात ते मोजा. लेकरं ओढतात, अंगावर चढतात. सासूचे पाय चेपताना तिचेच हात राबतात. गर्दीत नको ते हात लागतात. रात्री नवऱ्याचा. यातल्या प्रत्येक हाताला काहीतरी हवं असतं. तिच्याकडून काहीच नको, फक्त तिला बरं वाटावं, म्हणून लागलेला हात कधी होता, असं मी आमच्या गटात विचारलं तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक म्हणाली, "बाळंतपणात." आणि सगळ्या हसल्या, कारण सगळ्यांचं उत्तर तेच होतं.

आपल्याकडे सव्वा महिना बाळंतिणीला तेल लावतात. कोमट तेलानं अंग चोळायचं, कढत पाणी, बाजेखाली शेगडी, ओवा-बाळंतशेपाची धुरी. त्यातलं काही आज डॉक्टर नको म्हणतात. धुरीनं बाळाच्या फुप्फुसाला त्रास होतो, ते सोडलेलंच बरं. पण रोज ठरल्या वेळी एक अनुभवी बाई येते, तुम्हाला आडवं पाडते आणि तासभर तुमच्या अंगाची काळजी घेते, ही गोष्ट विलक्षण आहे. तिथंही भेदभाव घुसलाच आहे. पहिला मुलगा असेल तर सव्वा महिना पूर्ण होतो. दुसरी मुलगी झाली की पंधरवड्यातच "आता झाली की मोकळी" म्हणतात. आणि एकदा बाळंतपण उरकलं की पुढची चाळीस वर्षं काही नाही. म्हणजे समाजानं हा स्पर्श बाईला दिला तो आई म्हणून, आणि तोही हप्त्यानं.

हे करणारी बाई कोण? पूर्वी कित्येक गावांत सुईण मातंग समाजातली असायची. बाळाला जगात आणणारे, नाळ कापणारे हात तिचे. आणि त्याच हातचं पाणी त्या घरात चालायचं नाही. अंगाला चाललेला हात उंबऱ्यापाशी विटाळायचा. स्पर्शाबद्दल बोलताना हे विसरून चालणार नाही. आपल्या समाजाला स्पर्शाची ताकद चांगली माहीत होती; म्हणूनच कुणी कुणाला शिवायचं यावर इतके पहारे बसवले. आजही शहरात बाळ-बाळंतिणीला मालीश करणारी बाई सकाळी सहापासून पाच-सहा घरं करते, तिचे स्वतःचे अंगठे संध्याकाळी वळत नाहीत, आणि घरात ती 'मालीशवाली' एवढ्याच नावानं ओळखली जाते. तिच्या कौशल्याला ना पदवी ना पेन्शन. फ्रेंच डॉक्टर फ्रेडरिक लबॉयर यांनी कलकत्त्यात एका आईला आपल्या बाळाला तेल लावताना पाहिलं आणि १९७६ मध्ये त्यावर फोटोंसह पुस्तक काढलं. त्यांनी पुस्तकाला तिचं नाव दिलं, 'शांतला', हा त्यांचा मोठेपणा. पुढे हेच मालीश पाश्चात्त्य देशांत वर्ग भरवून शिकवलं गेलं.

आता थोडं विज्ञान, कारण 'बरं वाटतं' एवढ्यावर आपल्या बैठकांत कुणी अर्धा तास देत नाही. आपल्या कातडीत वेगवेगळ्या मज्जातंतूंची टोकं असतात. काही तंतू झटपट निरोप नेतात: काय लागलं, कुठं लागलं, खरखरीत की गुळगुळीत. काही फार सावकाश, सेकंदाला जेमतेम एक मीटर वेगानं निरोप नेतात. हे दुसरे तंतू लव असलेल्या कातडीत, म्हणजे हात, पाठ, चेहरा अशा भागांत भरपूर असतात आणि सेकंदाला एक ते दहा सेंटीमीटर इतक्या सावकाश फिरणाऱ्या, कातडीइतक्याच उबदार हाताला ते सगळ्यात जास्त प्रतिसाद देतात. आईचा हात बाळाच्या पाठीवरून आपोआप याच वेगानं फिरतो. स्वीडनचे संशोधक होकन ओलाउसन यांनी आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एका बाईचा अभ्यास प्रसिद्ध केला. आजारात तिचे झटपट निरोप नेणारे तंतू गेले होते, साधा स्पर्श तिला कळत नव्हता. पण तिच्या हातावरून मऊ कुंचला हळूहळू फिरवला, तेव्हा तिला अंधूक का होईना, सुखद काहीतरी जाणवलं. नेमकं काय लागलं हे कळायची वाट बंद झाली, तरी बरं वाटण्याची वाट उघडी होती. मला हे वाचून फार आनंद झाला होता. कुणीतरी आपल्याशी मायेनं वागतंय, हे कळायला शरीरानं वेगळी सोय ठेवलीय!

यात एक खोच आहे. हळुवार म्हणजे गुदगुल्या होतील असा नव्हे. मायामी विद्यापीठात टिफनी फील्ड यांनी १९९२ मध्ये स्पर्शावर संशोधन करणारी संस्था काढली. त्यांच्याकडच्या प्रयोगांत असं दिसलं, की मालीश करताना बेताचा दाब दिला तर विसाव्याची बाजू जागी होते, अगदी पिसासारखा हात फिरवला तर उलट शरीर सावध होतं. आपल्या जुन्या बाया हे जाणतातच. "हात टेकव गं, माशी बसल्यासारखं काय करतेस," असं मी एका आजीच्या तोंडून ऐकलंय. तसंच रगडण्याचं. दुखलं तरच गुण येतो, ही आपल्याकडची जुनी समजूत आहे, आणि बायकांच्या बाबतीत तर ती सगळीकडेच लावली जाते. दुखायला लागलं की अंग ताठतं. ताठलेलं अंग विसावा कुठून घेणार?

दुसरीकडे, बाजारानं या गोष्टीचं काय केलंय तेही बघा. 'एका मालीशमध्ये तणावाचं संप्रेरक उतरवा' अशा जाहिराती असतात. कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक मालीशनं खूप कमी होतं असा दावा पुष्कळ वर्षं चालला. २०११ मध्ये सगळे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा तो परिणाम अगदी किरकोळ निघाला. चिंता आणि उदासी मात्र कमी होते, याला चांगला आधार आहे. काशाच्या वाटीचंही तसंच. तळपायाला तूप लावून काशाची वाटी फिरवली की छान झोप लागते, हा माझाही अनुभव आहे. पण तळवा काळा होतो ती काही 'अंगातली उष्णता' बाहेर आलेली नसते. कासं म्हणजे तांबं आणि कथील. धातू घासला गेला, तुपाशी त्याची प्रक्रिया झाली, की काळं दिसणारच. उष्णतेची गोष्ट सोडून द्या, वाटी ठेवा.

२०२४ मध्ये जर्मनी आणि नेदरलँड्सच्या संशोधकांनी स्पर्शावरचे दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यातल्या दोन-तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. एक, एकदाच तासभर करण्यापेक्षा थोडं थोडं पण वारंवार केलेलं जास्त उपयोगी पडतं. दोन, डोक्याला आणि चेहऱ्याला केलेल्या स्पर्शाचा गुण चांगला येतो. म्हणजे शनिवारी रात्री डोक्यावर तेल थापणारी आपली आई बरोबर होती. तीन, मोठ्या माणसांच्या बाबतीत हात ओळखीचाच असला पाहिजे असं नाही. प्रशिक्षित अनोळखी हातही चालतो. तान्ह्या बाळाला मात्र आईबापांचाच हात अधिक मानवतो.

पण माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग जुना आहे, २००६ चा. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६ विवाहित बायकांना एम.आर.आय. यंत्रात झोपवलं. पडद्यावर अधूनमधून खूण यायची, की आता विजेचा झटका बसू शकतो. कधी बाईचा हात मोकळा, कधी अनोळखी माणसाच्या हातात, कधी नवऱ्याच्या हातात. हात धरलेला असताना मेंदूतली धोक्याची धावपळ कमी झाली. नवऱ्याच्या हातानं सगळ्यात जास्त. इथंच थांबलं तर एखाद्या साबणाची जाहिरात होईल. पुढचा भाग असा, की ही जोडपी मुळात समाधानी म्हणूनच निवडली होती, आणि तरीही जिचा संसार जितका चांगला, तितका तिला त्या हाताचा उपयोग अधिक झाला. म्हणजे निव्वळ हात काही करत नाही. तो कुणाचा आहे, त्याच्याबरोबर आजवर काय काय घडलंय, हे शरीर हिशेबात धरतं. मग ज्या हातानं काल मारलं, तो आज खांद्यावर ठेवून "जाऊ दे ना" म्हणतो, तेव्हा बाईचं अंग आकसतं यात तिचा ताठा कुठं आला? समेटाच्या बैठकीत "ती जवळ येऊ देत नाही" अशी नवऱ्याची तक्रार आपण ऐकतो. पंचमंडळी माना डोलावतात. त्या वेळी हे बोलायला हवं.

आणि आपणही सावध हवं. रडणाऱ्या बाईच्या पाठीवर पटकन हात ठेवायची आपल्याला सवय असते. हेतू चांगला असतो. पण जिच्यावर अत्याचार झालाय, तिच्या दृष्टीनं न विचारता आलेला प्रत्येक हात न विचारता आलेलाच असतो. म्हणून आमच्या गटात आम्ही नियम केला. आधी विचारायचं, "हात ठेवू का?" ती हो म्हणाली तरच. आणि 'नको' म्हणायला कारण द्यावं लागू नये. कित्येकजणींना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या अंगाबद्दल परवानगी मागितलेली असते. एक चाळिशीची बाई सहा-सात महिने दाराशी बसायची. "मी लावते, मला नको," म्हणायची. इतरांच्या माना, खांदे फार छान चोळून द्यायची. तिला कुणी आग्रह केला नाही. एक दिवस तिनं आपला डावा हात पुढे केला, मनगटापर्यंतच. त्यापुढे ती आजही जात नाही आणि जायलाच पाहिजे असं आम्हाला कुणालाही वाटत नाही.

'मी लावते, मला नको' हे वाक्य मात्र तिचं एकटीचं नाही. देण्यात बायका पटाईत. घेताना दोन मिनिटांत उठून बसतात, "बास, आता तू बस." आमच्याकडे त्यावर घड्याळ लावावं लागलं. दहा मिनिटं म्हणजे दहा. घड्याळ सांगेल तेव्हा उठायचं.

एका आक्षेपाला उत्तर देते. काही मैत्रिणी म्हणतात, की यानं बाई थंड होईल, सोसत राहील. तिचा राग आपल्याला हवाय. तेल लावून सोसायला शिकवायचं असेल तर मीही त्याच्या विरुद्ध आहे. मजुरी वाढली नाही, मारहाण थांबली नाही आणि मान तेवढी मोकळी झाली, तर ती मान पुन्हा धरणारच आहे. पण मी केंद्रात बघते ते असं: घाबरलेली, रात्र-रात्र जागी बाई जबाब देताना अडखळते, तारखा विसरते, गोंधळते, आणि समोरचा लिहून घेतो, 'विसंगत बोलते'. जिला दोन रात्री नीट झोप मिळालीय, ती आपली गोष्ट सलग सांगते. तक्रार अर्जाच्या आदल्या दिवशी आम्ही बाईला विचारतो, डोक्याला तेल लावून देऊ का? कायद्याच्या कामातलाच तो भाग मानतो.

आता करायचं कसं ते थोडक्यात. बसूनच करायचं, कपडे न काढता, खोलीचं दार कुणाच्या हाती आहे हे सगळ्यांना माहीत असलेल्या जागी. आधी आपले हात एकमेकांवर चोळून गरम करायचे. पहिली दोन मिनिटं नुसते दोन्ही हात तिच्या खांद्यांवर टेकवायचे, हलवायचे नाहीत. मग मानेच्या मुळापासून खांद्याच्या टोकापर्यंत, आणि कोपरापासून मनगटापर्यंत, एकाच दिशेनं. हात कोपरापासून मनगटापर्यंत न्यायला मनात पाच आकडे मोजा. तुमचाच श्वास घाईत असेल तर हातही घाई करतो, म्हणून आधी स्वतःचा श्वास सावकाश सोडा. मध्ये एकदा विचारा, "दाब बरा आहे का?" विडीवाल्या मैत्रिणींनो, तुमच्याकडे अंगठ्याच्या मुळाशी दुखतं, तिथं तळहातानं नुसतं धरून ठेवा, दाबू नका.

कुणाला करायचं नाही तेही ऐका. एका पायाची पोटरी सुजलीय, दुखतेय, लाल किंवा गरम लागतेय, तर तिथं अजिबात चोळायचं नाही. रक्ताची गुठळी असू शकते, बाळंतपणानंतर तिचा धोका वाढतो. तिला दवाखान्यात न्या. ताप असेल, त्वचेवर जखम किंवा संसर्ग असेल तर नाही. गरोदर बाईचं पोट दाबायचं नाही. सिझेरियनच्या टाक्यांना हात लावायचा नाही. मारहाणीच्या ताज्या खुणा असतील तर आधी डॉक्टर, वैद्यकीय नोंद आणि मगच बाकीचं. तेल लावलेल्या अंगावर वळ नीट दिसत नाहीत. आणि जिला झोप, भूक काहीच राहिलं नाही, जगणं नकोसं झालंय, तिला तेवढ्यावर सोडू नका, मानसोपचार तज्ज्ञाकडे स्वतः बरोबर जा.

आज आपल्यात दोन मालीश करणाऱ्या बाया पाहुण्या म्हणून आल्या आहेत. त्यांना इथं येण्याची दिवसाची मजुरी संस्थेनं दिलीय, हे मुद्दाम सांगते. त्या आपल्याला दाखवतील. पण सुरुवात त्यांना खुर्चीत बसवून करायची आहे. त्यांना विचारा, कुठं दुखतं, हात लावू का.

चहाला पाऊण तास आहे. जोड्या आपापल्या करा. ज्यांना नको असेल त्यांनी खिडकीपाशी सतरंजीवर बसावं, तिथं पंखा चांगला आहे. घड्याळ मी लावते.